जुन्या पद्मिनीची छोटी प्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कधीकाळी असलेली, विकली गेलेली किंवा भंगारात गेलेली प्रीमियर पद्मिनी (किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट) छोट्या आकारात पुन्हा उभी करायची, तर नेहमी जे प्रश्न येतात त्यांची ही उत्तरं. मापं पद्मिनीची आहेत, पद्धती मात्र कुठल्याही गाडीला चालतील.

सुरुवात कुठून करायची? प्लास्टिकची शीट आणायची की आधी फोटो जमवायचे?

दोन्हीच्या आधी एक तारीख ठरवा. आपल्याला "एक पद्मिनी" करायची नाही, "आपली पद्मिनी" करायची आहे. आणि आपली गाडी वीस वर्षांत एकसारखी कधीच नव्हती. शोरूममधून आली तेव्हा व्हीलकॅप चार होते, पुढे तीन राहिले. मधे एकदा रंग मारला, बंपर बदलला, काचेवर स्टिकर चढला, टपावर कॅरिअर आलं. या सगळ्या अवस्थांची सरमिसळ झाली की प्रतिकृती नीटनेटकी दिसते, पण घरातला कुणीही तिला ओळखत नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: "मे १९८६, महाबळेश्वरला निघण्याआधी", किंवा "विकली त्या दिवशी". पुढचा प्रत्येक निर्णय (रंग ताजा की उडालेला, पाटी कोणती, सीट कव्हर कुठलं) याच ओळीवरून होईल. जो तपशील त्या तारखेला गाडीवर नव्हता, तो कितीही आवडता असला तरी घ्यायचा नाही.

माझी गाडी डिलाइट, प्रेसिडेंट की पद्मिनी? फरक पडतो का?

पडतो. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट होती आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मूळ आकार तोच राहिला. जाळी, बिल्ले, क्रोमच्या पट्ट्या, दिवे आणि आतली सजावट वेळोवेळी बदलत गेली. त्यामुळे नेटवर मिळालेला "पद्मिनीचा" फोटो तुमच्या वर्षाचा आहे याची खात्री केल्याशिवाय त्यावरून जाळी कापायला घेऊ नका.

ज्या गाडीला आपण डुक्कर फियाट म्हणायचो ती याहून जुनी आणि वेगळ्या अंगाची. तिचा आराखडा घेऊन पद्मिनी होत नाही. पद्मिनीच्या मागच्या मडगार्डवर छोटे उभे पंख आणि त्यात उभे लाल दिवे असतात, डुक्कर फियाटचं अंग गोलसर असतं.

आरसी बुक किंवा त्याची झेरॉक्स सापडली तर उत्पादनाचं वर्ष आणि रंग दोन्ही तिथेच लिहिलेले असतात. जुने विम्याचे कागदही पाहा.

कोणतं प्रमाण निवडायचं?

पहिल्या कामाला १:१८ घ्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या प्रत्येक मापाचा अठरावा भाग. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिमी आहे, म्हणजे १:१८ मध्ये बरोबर १३० मिमी. हा आकडा सगळ्या कामात पट्टीसारखा उपयोगी पडतो.

गाडीची लांबी सुमारे ३.९३ मीटर, रुंदी १.४६ आणि उंची १.४७ मीटर. त्या हिशेबाने:

१:१८ — लांबी २१८ मिमी, रुंदी ८१, उंची साधारण ८२
१:२४ — लांबी १६४ मिमी, रुंदी आणि उंची दोन्ही ६१ च्या आसपास, चाकांमधलं अंतर ९७.५
१:४३ — लांबी ९१ मिमी, रुंदी आणि उंची ३४, चाकांमधलं अंतर ५४

१:४३ कपाटात शोभते, पण त्यात वायपरची काडी केसाएवढी होते आणि सीट कव्हरची नक्षी दाखवणं जवळपास अशक्य. १:२४ ला बाजारात सुटे भाग जास्त मिळतात, मात्र बरेचसे टायर आजच्या रुंद गाड्यांचे असतात. पद्मिनीचा टायर अरुंद. १:२४ मध्ये त्याची रुंदी फक्त साडेपाच मिमी येते. रुंद टायर लावले की ती पद्मिनी राहत नाही, बाकी सगळं अचूक असलं तरी.

गाडी आता नाही. मापं कशी घ्यायची?

तीन वाटा आहेत, आणि तिन्ही एकत्र वापरायच्या.

पहिली, घरचे फोटो. लग्नाचे, सहलीचे, वाढदिवसाचे. गाडी मागे कोपऱ्यात असली तरी चालेल. ६०० डीपीआयला स्कॅन करा. या फोटोंवरून माप घ्यायचं नाही, तपशील घ्यायचा: कोणत्या बाजूला आरसा, किती व्हीलकॅप, कुठे पोचा.

दुसरी, तशीच दुसरी गाडी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये एखादी पद्मिनी अजून भेटते. मालकाची परवानगी घेऊन टेपने मोजा: दाराची रुंदी, काचेची उंची, बॉनेटची लांबी, चाकाच्या कमानीचा व्यास, जमिनीपासून बंपरपर्यंतचं अंतर. पंचवीस-तीस मापं पुरतात.

तिसरी, सरळ बाजूने काढलेला फोटो. इथे नेहमीची चूक म्हणजे मोबाइल घेऊन दोन-तीन मीटरवर उभं राहणं. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचा मधला भाग फुगतो, टोकं आक्रसतात. निदान दहा-बारा मीटर मागे जा, झूम करा आणि कॅमेरा दाराच्या कडीच्या उंचीवर धरा. तो फोटो कॉम्प्युटरवर इतका लहान-मोठा करा की दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर छापल्यावर १३० मिमी येईल. पडताळा रिमवरून घ्या. रिम १४ इंची, म्हणजे ३५५.६ मिमी, १:१८ मध्ये ती १९.८ मिमी दिसली पाहिजे. चाकांचं अंतर जुळतं पण रिम जुळत नाही, तर फोटो तिरका आहे. दुसरा घ्या.

छापताना प्रिंटरचं "पानात बसवा" बंद करा. कागदाच्या कडेला १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर ती मोजा. ९७ आली तर सगळी गाडी तीन टक्के लहान झाली, आणि हे बहुतेकांना चाकं बसवताना कळतं.

बॉडी कशी बनवायची?

हा कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

आधी लाकडी ठोकळा, म्हणजे साचा, तयार करायचा आणि त्यावर प्लास्टिकची शीट गरम करून ओढायची. ठोकळा अखंड लाकडातून कोरण्यापेक्षा सांगाडा करून भरणं सोपं. बाजूच्या आराखड्यावरून ३ मिमी एमडीएफचा उभा कणा कापा. त्यावर दर १५ मिमीला एक आडवा छेद, म्हणजे गाडी तिथे आडवी कापली तर दिसेल त्या आकाराचा तुकडा, बसवा; पद्मिनीला असे चौदा-पंधरा लागतात. लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतलेत तर बरं, पण खाचांची रुंदी ठरवण्याआधी एमडीएफ कॅलिपरने मोजा. ३ मिमी म्हणून मिळणारा तुकडा बऱ्याचदा २.७ किंवा २.८ भरतो. खाच ३ ची ठेवली की छेद डुलतात आणि साचा एका बाजूला कलतो.

छेदांच्या कडा काळ्या मार्करने रंगवा. मधल्या जागा बाल्सा किंवा पाइनच्या तुकड्यांनी फेविकॉल लावून भरा. रात्रभर वाळू द्या, मग कानस आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. काळी रेघ दिसू लागली की हात थांबवायचा. ती पुसट व्हायला लागली म्हणजे तुम्ही आराखड्याच्या आत गेलात. पद्मिनीत हात घसरतो तो दोन जागी: मागच्या पंखांच्या धारेवर आणि हेडलाइटच्या भोवतालच्या गोलाईवर. धार जास्त घासली की पंख मऊ पडतो आणि गाडी एकदम दुसरीच दिसते.

साचा शीटच्या जाडीएवढा लहान हवा. दीड मिमीची शीट ओढल्यावर साधारण एक मिमी उरते, म्हणून छेद कापतानाच चारी बाजूंनी एक मिमी कमी करा. घासून झाल्यावर लांबी (पुटी) भरा, २२० आणि ४०० ने घासा, सीलरचे दोन हात द्या. एमडीएफ ओलसर राहिला तर गरम शीटखाली वाफ धरते आणि फोड येतात, म्हणून दोन दिवस कोरड्या जागी ठेवून मगच वापरा.

शीट ओढायचं काम घरी जमतं का?

जमतं. सगळीकडून बंद असा लाकडी डबा, वरच्या फळीला १५-२० मिमीवर दीड मिमीची भोकं, बाजूने व्हॅक्यूम क्लीनरची नळी. शीट हिप्सची (एक प्रकारचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक), दीड मिमी, लाकडी चौकटीत चारी बाजूंनी घट्ट धरलेली. साचा डब्यावर पाच-सहा मिमी उचलून ठेवा, म्हणजे बॉडीची खालची कड स्वच्छ येते.

शीट ओव्हनमध्ये तापताना पाहत राहा. आधी तिच्यावर लाटा उठतात. मग लाटा जाऊन ती तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. त्यानंतर मध्यभागी झोळ पडू लागतो. झोळ १०-१५ मिमी झाला की लगेच बाहेर काढा, क्लीनर चालू करा आणि एका दमात साच्यावर दाबा. लाटांच्या अवस्थेत घाई केली तर कोपरे भरत नाहीत. झोळ फार वाढला तर टपावर शीट पातळ होऊन हेडलाइटशी घड्या पडतात. दोन-तीन शीटा वाया जाणार हे धरूनच चला.

पद्मिनीच्या बाजू खाली थोड्या आत वळतात. तिथे साचा अडकतो आणि जोर लावला की बॉडी चिरते. म्हणून साचा उभ्या रेषेत तीन तुकड्यांत करावा: मधला आधी खाली ओढून काढायचा, मग बाजूचे आत सरकतात.

त्यापेक्षा थ्रीडी प्रिंट का नको?

हरकत नाही, विशेषतः जाळी, हेडलाइटची कडी, व्हीलकॅप, दाराच्या कड्या आणि बिल्ले यांना रेझिन प्रिंटला तोड नाही. पूर्ण बॉडीला मात्र तयार फाइल घेतलीत तर आधी तिच्यात चाकांमधलं अंतर आणि रुंदी मोजा. भिंत दोन मिमीची ठेवा. छपाईनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवून, पूर्ण वाळवून मगच यूव्हीखाली पक्की करा. पोकळ भागात न सुकलेलं रेझिन राहिलं तर ते काही आठवड्यांनी रंगाखालून पाझरतं, आणि तेव्हा सगळा रंग काढण्यावाचून उपाय नसतो.

चाकं?

टायर लेथवर करून घ्या. ३५ मिमीचा काळा नायलॉन किंवा डेल्रिनचा रॉड घेऊन जवळच्या लेथवाल्याला चार (स्टेपनी धरून पाच) कड्या करायला सांगा: बाहेरचा व्यास साधारण ३४ मिमी, आतला २०, रुंदी ७.३. रॉड मुळातच काळा असल्याने रंग नको. नायलॉनवर रंग टिकतही नाही. चकाकी घालवायला ४०० चा पेपर फिरवा. शेवटी प्रत्येक टायरचा तळ जेमतेम ०.३ मिमी सपाट घासा. एवढ्याशा कामाने गाडी टेबलावर वजनाने बसल्यासारखी दिसते.

रंग कुठून जुळवायचा? फोटोवरून घेऊ का?

फोटोवरून नाही. जुन्या छापील रंगीत फोटोंमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं तांबूस होतं. करड्या गाडीला त्यावरून बदामी रंग मारून बसाल. घरात गाडीचा एखादा तुकडा उरला असेल (पेट्रोलच्या टाकीचं झाकण, दाराची पट्टी) तर त्याची आतली बाजू पाहा, ऊन न लागलेली. काहीच नसेल तर त्या वर्षाची तशीच गाडी गाठून डिकीच्या झाकणाखालचा रंग पाहा आणि शेड कार्डाशी दिवसाच्या उजेडात, सावलीत जुळवा.

मोठ्या गाडीचा रंग छोट्या गाडीवर गडद दिसतो. म्हणून जुळवलेल्या रंगात पाच ते दहा टक्के पांढरा मिसळा. काळ्याला पांढऱ्याऐवजी थोडा गडद करडा.

रंग मारल्यावर पांढरट पडला, खाली शीट सुरकुतली. काय चुकलं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरट झाक ही दमट हवेची. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतलं पाणी धरतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत आतलं काम करा. मारायचाच असेल तर कोरड्या दुपारी.

सुरकुत्या थिनरच्या. एनसी थिनर हिप्सला खातो. आधी प्लास्टिक प्राइमरचे दोन-तीन धुरकट हात द्या, प्रत्येकी पंधरा मिनिटांनी, आणि दिवसभर वाळवा. मग रंगाचे पहिले दोन हातही पातळच. एकाच हातात झाकायला गेलात की थिनर प्राइमर भेदून खाली उतरतो. आधी एका टाकाऊ शीटवर सगळे थर मारून पाहा.

आमची गाडी टॅक्सी होती. काय वेगळं लागेल?

काळं अंग, पिवळा टप. पिवळा आधी मारा (खाली पांढरा प्राइमर, नाहीतर तो हिरवट दिसतो), टप झाकून मग काळा. टपावरचं कॅरिअर १ मिमीच्या पितळी तारेचं, सोल्डर करून. जुना यांत्रिक मीटर डाव्या बाजूला बाहेर असे. तो काचेच्या आत लावू नका, हे डिजिटल मीटरच्या काळातलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि त्या हिशेबाने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तुमची तारीख कोणतीही असो, त्या काळचा मीटर आणि पाटी तपासून घ्या.

नंबरप्लेट?

जुनी खाजगी पाटी काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची असे, आणि ती पेंटरने हाताने रंगवलेली. कॉम्प्युटरचा सरळसोट फाँट वापरला की सगळा जीव जातो. फोटोतली पाटीच मोठी करा, अक्षरांवरून रेघा ओढा आणि लहान करून फोटो पेपरवर छापा. मागचा कागद सोलून पातळ केला की ती चिकटवल्यासारखी दिसत नाही.

पोचे, गंज, टच-अप दाखवायचे का?

तारखेला होते तर जरूर दाखवा. पोचा प्राइमरच्या आधी करायचा. खऱ्या गाडीवरचा पाच सेंटिमीटरचा पोचा इथे २.८ मिमीचा. गोल टोकाच्या बरने (छोट्या ड्रिलला लावायच्या कानशीने) जेमतेम ०.४ मिमी खोल, कडा ६०० ने मवाळ. टच-अपचा डाग हवा तर मूळ रंगात थेंबभर दुसरा रंग घालून तेवढाच भाग झाकून फवारा. गंज दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानींत. त्याला स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवून, बराचसा कागदावर टिपून, हलकेच टेकवायचा. सगळीकडे नको. खऱ्या पत्र्याला गंज पाणी साठतं तिथेच धरतो.

आतलं किती करायचं?

काचेतून दिसेल तेवढं, पण तेवढं मनापासून. पुढची सलग सीट, स्टिअरिंगच्या खांबावरचा गिअरचा दांडा, पुढच्या दाराची त्रिकोणी काच या गोष्टी चुकल्या की लगेच कळतात. सीटच्या कापडाला केमिस्टकडची मायक्रोपोर टेप वापरा. तिचं पोत या प्रमाणात कापडासारखंच दिसतं आणि ती अॅक्रिलिक रंग छान घेते. टर्किश टॉवेलचं कव्हर होतं तर टेपवर घट्ट रंग ब्रशने टिपत जा.

डॅशबोर्डवरचा गणपती या प्रमाणात दोन-तीन मिमीचा होतो. एम-सीलचा दाणा, सुईने सोंड, एक टिंब शेंदरी. घरातली माणसं आधी तोच शोधतात.

काचा धुरकट झाल्या.

फेविक्विकच्या वाफेने. काचांना फक्त फेविकॉल, टूथपिकने. सपाट काचांना ओएचपी शीट चालते. पुढच्या वक्र काचेला अर्धा मिमी पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिकची शीट) बाटलीला बांधून गरम पाण्यात धरा, तशीच थंड होऊ द्या. बॉडीच्या आतला फेविक्विक काचा लावण्याआधी एक दिवस वाळलेला हवा.

क्रोम कसं करायचं?

कारच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी चिकट क्रोम पट्टी कटरने अर्धा-पाऊण मिमी रुंद कापा. बंपरला चकचकीत काळ्यावर क्रोम मार्कर. त्यावर क्लिअर कोट मारू नका, लगेच करडा पडतो.

बाबांना भेट द्यायची आहे. त्यांना न कळता माहिती कशी काढू?

गाडीबद्दल विचारू नका, अल्बमबद्दल विचारा. "हा फोटो कुठला?" म्हटलं की गाडी आपोआप निघते: कुणी धडकवली, आरसा कधी गेला, कॅरिअर का काढलं. ऐकलेलं त्याच रात्री वहीत उतरवा आणि दोन माणसांच्या आठवणी जुळत नसतील तर फोटो खरा धरा. शनिवार-रविवारच्या कामाने १:१८ ला पाच-सहा महिने लागतात, त्यामुळे वाढदिवसाच्या तारखेवरून उलटं मोजा आणि रंगाचं काम पावसाळ्यात येत नाही ना, ते पाहा.

झाल्यावर ठेवायची कशी?

अॅक्रिलिकच्या पेटीत, थेट उन्हापासून लांब, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. विकतचे मऊ टायर लावले असतील तर ते ज्या प्लास्टिकला टेकतात त्याला वर्ष-दोन वर्षांत वितळवतात. रिमला आतून फॉइल लावा आणि गाडी तळाला दोन स्क्रूंनी अशी धरा की टायरवर भार येणार नाही. पुसायला कापड नको, मऊ मेकअप ब्रश. कापड वायपर आणि आरसा घेऊन जातं.